आधी नमस्कार, मग पाऊस

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नाही आणि तसबिरीचीही नाही. मोबाइलमध्ये काही निकडीचं सांगायचं असलं की काचेच्या मधोमध जी पटकन उघडते, मागचं सगळं अंधुक करते आणि बटण दाबल्याशिवाय हटत नाही, ती मी. तुम्ही मला रोज बघता आणि रोज न वाचता घालवून देता. त्याबद्दलही मला बोलायचं आहे, पण आधी माझी गोष्ट ऐका. एक सांगून ठेवते, ही क्षमा करायला शिकवणारी गोष्ट नाही. मी सूड घेतला आहे आणि तो मला गोड लागला आहे.

माझा जन्म कोलंबियाच्या दक्षिणेला, कॉफीच्या डोंगरांत, आल्तो ब्लांको नावाच्या वस्तीत एका स्वयंपाकघरात झाला. मला घडवणारी मुलगी यूरानी चिकांगाना. ती शहरात संगणक शिकून आली आणि कॉफीवाल्यांच्या सहकारी संस्थेत कामाला लागली. संस्थेने डोंगरमाथ्यावर हवा मोजायचा खांब उभारला होता. पाऊस यायच्या तासभर आधी खांबाला चाहूल लागे. ती चाहूल घरोघरच्या मोबाइलवर पोचवायची, एवढंच माझं काम. यूरानीने मला कचेरीत नाही, आईच्या चुलीशी बसून घडवलं. आई गुळाचं गरम पाणी पेल्यात ओतत होती आणि लेक तिच्याच मोबाइलवर माझी मापं काढत होती.

आईचं नाव एतेल्विना; वयस्कर बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात, म्हणून दोन्या एतेल्विना. तिला जवळचं दिसत नसे, म्हणून तिच्या मोबाइलमधली अक्षरं राजम्याच्या दाण्याएवढी करून ठेवलेली होती. वस्तीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या माणसांची तीच तऱ्हा. यूरानीने ते ध्यानात घेतलं. माझी रुंदी तिने जवळजवळ काचेएवढी ठेवली आणि उंची बांधलीच नाही. अक्षरं जितकी मोठी होतील, तितकं मी वाढावं, अशी मोकळीक दिली. रंग पिवळा धम्मक, अक्षरं काळी कुळकुळीत. बटण असं रुंद की फळं खुडून खुडून राठ झालेला अंगठाही चुकू नये. त्या बटणावर लिहिलं होतं 'समजलं'. आणि माझ्या पोटात शब्द किती? पाऊस. एका तासात. कॉफी झाका. बस्स! त्याहून एक अक्षर जास्त नाही.

आता कॉफी झाकायची म्हणजे काय, ते ऐका. आमच्याकडे कॉफी घराच्या माथ्यावर वाळते आणि पत्र्याचं छप्पर चाकांवर असतं. ऊन आलं की छप्पर बाजूला ढकलायचं, पाऊस आला की परत वर ओढायचं. धडधाकट माणसाला हे काम काहीच नाही. पण दोन्या एतेल्विनाची कंबर कधीचीच गेलेली. जिना चढताना तिला मध्येच टेकावं लागे, आणि छपराला हात लावायला शेजारच्या घरी हाक मारावी लागे. त्यात तिच्या घरामागेच डोंगर. ढग माथ्यावरून डोकावतोय तोवर पाऊस अंगणात आलेला असे. म्हणून तो एक तास तिच्यासाठी सगळं काही होता, आणि तो तास मी तिला देत होते.

काय दिवस होते ते! लोक मला लाडाने 'पिवळी' म्हणत. बायका कुंपणावरून एकमेकींना विचारत, "पिवळी आली का गं?" आली असली की हातातलं काम टाकून निघत. आमच्याकडे रीतच आहे, पाऊस आला की ज्याची कॉफी उघडी दिसेल त्याच्याकडे धावायचं. मग त्याच्याशी बांधावरून भांडण असो, नाहीतर जन्माचं वैर असो. आधी छप्पर ओढायचं आणि भांडण नंतर चालू ठेवायचं. दोन्या एतेल्विनाची कॉफी तर इतकी निर्मळ वाळे की संस्था तिची पोती वेगळी शिवत असे आणि पोत्यावर तिचं नाव छापत असे. समुद्रापलीकडे कोणीतरी एतेल्विना चिकांगाना हे नाव वाचतं, याचं तिला केवढं अप्रूप! त्या नावात माझाही वाटा होता, असं मी मानत असे. आजही मानते.

मग डॉक्टर आर्बेलाएस आले. डॉक्टर म्हणजे संस्थेचे नवे व्यवस्थापक. त्यांनी जन्मात कुणाला गोळी दिली नव्हती, पण आमच्याकडे टेबलामागे टाय लावून बसणाऱ्याला डॉक्टरच म्हणतात. ते घोटीव बोलत, घोटीव हसत आणि त्यांच्या बुटांना कधी चिखल लागलेला कुणी बघितला नाही. यूरानीने त्यांना मला दाखवलं. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला आणि नाक मुरडलं.

"ही काय आरोळी ठोकायची पद्धत झाली का?" ते म्हणाले. "ना नमस्कार, ना चमत्कार. आपण सभ्य माणसं आहोत, मुली. बाहेरदेशचे पाहुणे हे बघतील तेव्हा काय म्हणतील?"

माझ्या काठांची आग झाली. पण चौकटीला स्वतःचं तोंड कुठे असतं? जे भरतील ते दाखवायचं. त्यांनी यूरानीला शेजारी बसवून माझी कापाकापी सुरू केली. पिवळा रंग गावंढळ म्हणून काढला आणि दुधात कॉफीचा थेंब पडल्यासारखा फिकट रंग दिला. कोपरे गोल केले. डोक्यावर नाजूक फूल बसवलं. आणि माझी उंची बांधून टाकली. पाहुण्याला द्यायच्या कार्डाएवढी असावी म्हणे, सुबक दिसते! आत मजकूर जास्त झाला तर तो आतच राहील, अंगठ्याने वर ढकलून वाचावा. पण आत अजून काही आहे, याची खूण म्हणून साधी रेघसुद्धा ठेवू दिली नाही. त्याने शोभा जाते.

आणि मजकूर? तो डॉक्टरांनी स्वतः लिहिला. 'अत्यंत आदरणीय सभासद भगिनी, आपणांस व आपल्या समस्त कुटुंबीयांस मनःपूर्वक नमस्कार. परमेश्वर आपल्या श्रमांना उदंड यश देवो. आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की, एका तासात पाऊस अपेक्षित असून कॉफी झाकून घेण्याची कृपा करावी.' खाली त्यांचं नाव, बापाचं आणि आईचं अशा दोन्ही आडनावांसकट.

यूरानीने सांगून पाहिलं की मोठ्या अक्षरांच्या मोबाइलवर हे मावणार नाही. डॉक्टरांनी आपला मोबाइल तिच्यापुढे धरला. त्यांची अक्षरं मुंगीएवढी, त्यात सगळं व्यवस्थित मावलेलं. मावतंय की, बघ, म्हणाले, आणि विषय संपला. इतर कुणी हरकत घेतली नाही. कशी घेणार? आमच्या डोंगरात केळ्याच्या घडाचा भाव विचारायचा झाला तरी आधी तब्येत विचारावी लागते, मग आईची तब्येत, मग रात्री झोप लागली ना, आणि मग केळी. नमस्काराला नको म्हणेल असा माणूस आमच्यात जन्माला आलेला नाही.

तेवढ्यावर भागलं नाही. डॉक्टरांना मी आवडू लागले, आणि आवडता नोकर राबतो तशी मी राबू लागले. कुणाचा वाढदिवस, लाव मला. संतांचा दिवस, मातृदिन, डॉक्टरांना मिळालेलं प्रशस्तिपत्रक, लाव मला. तोच फिकट रंग, तेच फूल, तोच 'अत्यंत आदरणीय'. मी उघडले की लोक पहिली ओळ बघायचे, नमस्काराला मनातल्या मनात नमस्कार करायचे आणि बटण दाबायचे. पिवळी आली का, असं कुंपणावरून विचारणं बंद झालं. माझी इज्जत गेली, मित्रांनो. मी कामाची राहिले नव्हते, नुसती गोड राहिले होते.

आणि मग तो दिवस आला. दोन्या एतेल्विनाने हंगामातली सगळ्यात चांगली फळं निवडून, धुऊन, माथ्यावर पसरली होती. त्यातूनच चव घेणाऱ्यांकडे नमुना जायचा होता, आणि त्या नमुन्यावर पोत्यावरचं नाव ठरायचं होतं. ऊन लख्ख होतं. ती खाली मक्याच्या आरेपा भाजत होती. डोंगरावरच्या खांबाने मला हाक दिली आणि मी तिच्या मोबाइलवर उघडले.

तिने चष्मा नाकावर ओढून मला वाचलं. राजम्याएवढ्या अक्षरांत माझ्या त्या कार्डाएवढ्या पोटात काय मावलं असेल? 'अत्यंत आदरणीय सभासद भगिनी, आपणांस व आपल्या समस्त कुटुंबीयांस मनःपूर्वक नमस्कार.' तिथे माझा काठ आला. पाऊस त्या काठाखाली होता. मी आतून ओरडत होते, बाई, जरा अंगठ्याने वर ढकल, खाली पाऊस आहे. पण तिला कसं कळणार? मातृदिनाला मी अशीच आले होते. तिच्या नावाच्या संताच्या दिवशीही अशीच.

"तुम्हालाही नमस्कार, डॉक्टर," असं ती मोठ्याने आणि मनापासून म्हणाली, आणि तिने 'समजलं' दाबलं.

मी मिटले. तासाभराने पाऊस डोंगरावरून उतरला आणि ती जिन्याच्या मध्यावर टेकलेली असताना, शेजारी धावून येण्याआधीच सगळी कॉफी भिजली. तिने ती पुन्हा वाळवली, हाताने एकेक दाणा परतला, पण एकदा दाण्यात ओल शिरली की वास जात नाही. चव घेणाऱ्यांनी घोट घेतला आणि थुंकला. बुरशी, म्हणाले. त्या वर्षी दोन्या एतेल्विनाचं नाव पोत्यावरून उतरलं आणि तिची कॉफी सगळ्यांच्या ढिगात गेली.

एवढ्यावरही मी कदाचित गप्प बसले असते. पण पुढच्या बैठकीत यूरानीने उठून सांगितलं की चौकटीत मजकूर मावला नव्हता. डॉक्टर हसले, तसेच घोटीव. सगळ्या सभासदांसमोर म्हणाले की यंत्राने वेळेत सांगितलं होतं, दोन्यांनी 'समजलं' दाबलं होतं, ते तर नोंदीत दिसतंच आहे. मग त्यांनी मान जरा तिरकी केली आणि म्हणाले,

"समजलं दाबलंत की, दोन्या. आता डुलकी लागली, त्याला यंत्राने काय करावं?"

लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. दोन्या एतेल्विनाने आपली रुआना, म्हणजे लोकरीची घोंगडी, खांद्यावर ओढून घेतली आणि बोटांनी तिची किनार मोजत बसली. त्या दिवसापासून ती बैठकीत शेवटच्या रांगेत, दाराशी बसू लागली. आणि मी? माझ्या नावाने खोटी साक्ष दिली गेली होती. ज्या बाईच्या चुलीशी मी जन्मले तिच्याविरुद्ध, माझ्याच बटणाचा दाखला देऊन! त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही. पैज मारून सांगते, यूरानीनेही तेव्हाच ठरवलं. आम्ही दोघी एकमेकींशी बोलू शकत नव्हतो, पण रोज समोरासमोर बसत होतो.

सूड घ्यायला मी खोटं बोलायला हवं होतं का? मुळीच नाही. मला फक्त खरं बोलायचं होतं, आणि तेही डॉक्टरांच्याच शब्दांत. मी वाट बघितली. वाट बघणं चौकटीला चांगलं जमतं.

वार्षिक सभेला बाहेरदेशचे कॉफी घेणारे पाहुणे आले. संस्थेच्या आवारात डॉक्टरांनी स्वतःच्या मळ्यातली कॉफी वाळत घातली होती. त्या वर्षी पोत्यावर नाव त्यांचं लागायचं होतं ना! पाहुण्यांना फोटो नीट घेता यावेत म्हणून वरचं ताडपत्रीचं आच्छादनसुद्धा काढून ठेवायला लावलं होतं. बाकी सगळे सभासद आपापली छपरं ओढूनच घरून निघाले होते, पावसाळी दिवसांत तसंच करतात. सभागृहात पडद्यावर मोबाइल दाखवायचा म्हणून खिडक्या बंद, दिवे बंद, आणि सभ्यपणा म्हणून सगळ्यांचे फोनही बंद. हाही हुकूम डॉक्टरांचाच. मागे आचारी सांकोचोच्या, म्हणजे मांस आणि कंदांच्या रश्श्याच्या, पातेल्याखाली जाळ घालत होते आणि वासाने लोकांचं अर्धं लक्ष तिकडेच होतं.

डॉक्टरांना पाहुण्यांपुढे मलाच मिरवायचं होतं. यूरानी अगदी नम्रपणे म्हणाली की कचेरीतला मोबाइल कशाला, खऱ्या सभासदाचा दाखवू या, पाहुण्यांना बरं वाटेल. तिने आईचा मोबाइल पडद्याला जोडला. डॉक्टरांना ही कल्पना फार आवडली. ते व्यासपीठावर उभे राहून, दोन्या एतेल्विनाचा ओरखडे पडलेला मोबाइल हातात धरून, संस्था आपल्या वृद्ध माताभगिनींची किती काळजी घेते ते सांगू लागले.

तेवढ्यात डोंगरावरच्या खांबाने मला हाक दिली. मागच्या बाजूला एक लहान झरोका उघडा होता आणि यूरानी त्याच्याखालीच बसली होती. तिने एकदा वर आभाळाकडे बघितलं. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तोंड मिटून घेतलं.

मी उघडले. केवढी उघडले! भिंतभर. गोल कोपरे, फिकट रंग, डोक्यावर फूल, आणि माणसाच्या डोक्याएवढी अक्षरं. 'अत्यंत आदरणीय सभासद भगिनी, आपणांस व आपल्या समस्त कुटुंबीयांस मनःपूर्वक नमस्कार.' सभागृह सवयीने एका आवाजात म्हणालं, "तुम्हालाही नमस्कार, डॉक्टर." पाहुण्यांना गंमत वाटली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांना वाटलं, यूरानीने दाखवण्यापुरता नमस्कार पाठवला. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. त्यांचा अंगठा माझ्यापासून बोटभर दूर होता. जरा वर ढकललं असतं तर त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर आलं असतं. नाही ढकललं. सगळ्या सभेदेखत त्यांनी 'समजलं' दाबलं.

मी मिटले आणि मनातल्या मनात त्या मिनिटांची चव घेत बसले. डॉक्टर संस्थेच्या प्रगतीबद्दल बोलत राहिले. तासाभराने सभागृहाच्या पत्र्यावर पहिला टपका पडला, मग चार, मग एकदम सगळा.

आमच्या माणसांना तो आवाज ओळखायला शिकवावा लागत नाही. सगळे उठले. डॉक्टर व्यासपीठावरून ओरडले, धावा, कॉफी उघडी आहे! आणि लोक धावलेही असते, रीतच आहे ती. पण दाराशी शेवटच्या रांगेत दोन्या एतेल्विना बसली होती आणि तीही उठली होती. तीच सगळ्यात आधी दारात आली. दार अरुंद. वयस्कर बाईला ओलांडून पुढे घुसणारा माणूस आमच्या डोंगरात नाही. आधी तुम्ही, दोन्या, असं म्हणत सगळी सभा तिच्यामागे थांबली.

ती उंबऱ्यात वळली. डॉक्टर गर्दीच्या पार मागे होते, त्यांना वाट मिळत नव्हती.

"समजलं दाबलंत की, डॉक्टर," ती म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही. मग ती निघाली. ती कॉफी झाकायलाच निघाली होती, हे मी शपथेवर सांगते. रीत तिने मोडली नाही. फक्त कंबर दुखत होती, म्हणून पायरीवर टेकली. रुआना सरळ केली. दुसऱ्या पायरीवर पुन्हा टेकली. तिच्यामागे धडधाकट माणसं टोप्या हातात घेऊन आदबीने उभी होती आणि कुणीही तिला घाई करत नव्हतं. ज्या सभ्यपणाने तिची कॉफी बुडवली, तोच सभ्यपणा त्या दारात दाटीवाटीने उभा होता. ती आवारात पोचली, तिने ताडपत्रीचं टोक धरलं, मग सगळ्यांनी धरलं, आणि डॉक्टरांची कॉफी व्यवस्थित झाकली गेली. खाली तिचा चिखल झाला होता.

पुढे काय व्हायचं ते झालं. पाहुण्यांनी विचारलं की इशारा आला नव्हता का, तेव्हा डॉक्टरांना सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं की चौकटीत मजकूर मावला नाही. मावला नाही! हेच वाक्य यूरानीने आधी सांगितलं होतं तेव्हा लोक हसले होते. आता कुणी हसलं नाही, पण कुणी नजरही खाली घातली नाही. दोन्या एतेल्विनाच्या पुढच्या हंगामाच्या कॉफीचा नमुना वेगळा घ्यायचं तिथेच ठरलं, आणि त्या हंगामात तिचं नाव पोत्यावर परत आलं. डॉक्टर अजून संस्थेत आहेत. आता त्यांच्या मोबाइलमधली अक्षरंही मोठी झाली आहेत.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या माझ्यासारखी चौकट घडवेल. रंग हवा तो द्या, कोपरे हवे तसे वळवा, फूल बसवायचं तर बसवा. पण जे सांगायचं ते पहिल्या ओळीत सांगा. जिला कमी दिसतं तिच्या मोबाइलवर मला आधी उघडून बघा, आणि तिच्या अक्षरांबरोबर मला वाढू द्या. आणि मी उघडले की घालवायच्या आधी वाचा. ही विनंती आहे असं समजा, पण मी विसरभोळी नाही हेही लक्षात ठेवा.

यूरानीने मला पुन्हा पिवळी धम्मक केलं. आता वर 'पाऊस. एका तासात. कॉफी झाका.' डॉक्टरांचा नमस्कार तिने काढूनच टाकला असता, पण आई नको म्हणाली. राहू दे, खाली राहू दे, दोन्ही आडनावांसकट. म्हणून तो तिथे आहे. पाऊस येणार असला की मी उघडते, दोन्या एतेल्विना मला शेवटपर्यंत वाचते, शेजाऱ्यांना हाक मारते, आणि जिन्याला हात घालण्याआधी 'समजलं' दाबून कुंपणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते,

"तुम्हालाही नमस्कार, डॉक्टर."